आईच्या अहवालातील लिम्फोसाइट आणि राहून गेलेली एक तपासणी

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. आम्ही कोल्हापुरात कसबा बावड्याला राहतो. माझ्या आईचे वय ५७. गेल्या श्रावणात तिचे पोट फुगू लागले, पोटातून पाणी काढावे लागले आणि तपासणीत अंडाशयाचा कर्करोग, तिसरा टप्पा, हाय-ग्रेड सिरस प्रकार असे निदान झाले. केमोच्या तीन सायकली झाल्यावर ऑपरेशन झाले. दिसणारी सगळी गाठ काढली, असे डॉक्टरांनी सांगितले. आता चौथी सायकलही पार पडली आहे आणि सीए-१२५ या रक्तातील कर्करोग-खुणेचा आकडा ११४० वरून ३१ वर आला आहे. ऑपरेशननंतरच्या अहवालात ‘गाठीत लिम्फोसाइट पेशींचा दाट शिरकाव’ असे एक वाक्य आहे. लिम्फोसाइट म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. माझा धाकटा भाऊ तेव्हापासून याच विषयावर वाचत बसतो. ज्यांच्या गाठीत अशा पेशी असतात त्यांच्यापैकी ३८ टक्के स्त्रिया पाच वर्षे जगतात आणि ज्यांच्या गाठीत नसतात त्यांच्यापैकी साडेचार टक्केच, असे त्याच्या वाचनात आले आहे. एका खासगी प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने ‘इम्यून पॅनेल’ नावाची तपासणी सुचवली आहे. तिचा खर्च नव्वद हजारांच्या घरात आहे. आई किती जगेल आणि तिला इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेलाच कामाला लावणारी औषधे, लागू पडतील का, हे त्यातून कळेल असे तो प्रतिनिधी म्हणतो. भाऊ उसाच्या बिलावर उचल घ्यायला निघाला आहे. शिवाय तो प्रत्येक रक्ततपासणीतून न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर काढून वहीत मांडतो. मागच्या वेळी ते २.४ वरून ६ वर गेले, तेव्हा दोन रात्री झोपला नाही. शेजारच्या काकू प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा द्या म्हणून मागे लागल्या आहेत. आईला यातले काहीही सांगितलेले नाही. ही तपासणी करावी का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते. हे पॅनेल आत्ता करू नका. उसाच्या बिलावर उचल घेऊन तर मुळीच नको. मात्र तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि त्यात जिचा उल्लेख असायला हवा होता अशी एक तपासणी मला कुठेच दिसली नाही. ती म्हणजे डीएनए दुरुस्त करणाऱ्या बीआरसीए जनुकांची तपासणी आणि तिच्या जोडीने गाठीच्या ऊतीवर होणारी एचआरडी, म्हणजे त्या दुरुस्तीतील बिघाडाची, तपासणी. ती झाली असून तुम्ही लिहायची राहिली असेल, तर माझी काळजी मिटली. झाली नसेल, तर पाचव्या सायकलीच्या आधी डॉक्टरांना त्याबद्दलच विचारा, कारण आईच्या पुढच्या उपचाराचा निर्णय त्या तपासणीवर अवलंबून आहे आणि तिला वेळेची मर्यादाही आहे.

आता तुमच्या अहवालातील त्या वाक्याकडे येते. मी ३० वर्षांहून अधिक काळ सूक्ष्मदर्शकाखाली अशा काचपट्ट्या पाहिल्या आहेत आणि गाठीच्या पेशींमध्ये गोल, गडद केंद्रकांच्या लिम्फोसाइट घुसलेल्या दिसल्या की मला आजही बरे वाटते. शरीराने या गाठीला परके म्हणून ओळखले आहे, याची ती खूण असते. मात्र त्या पेशी नेमक्या कुठे आहेत, याला फार महत्त्व आहे. खासबाग मैदानात कुस्ती पाहिली असेल, तर कडेला बसलेले पैलवान आणि हौद्यात उतरलेला पैलवान यांतला फरक तुम्हाला सांगायला नको. लिम्फोसाइट गाठीभोवतीच्या आधारऊतीत गर्दी करून थांबल्या असतील, तर त्या कडेला बसल्या आहेत. कर्करोगाच्या पेशींच्या थरांत शिरल्या असतील, तरच त्या हौद्यात उतरल्या आहेत. अभ्यासांत चांगल्या परिणामांशी नाते दिसते ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या पेशींचे, त्यातही सीडी८ ही खूण बाळगणाऱ्या मारक टी-पेशींचे (टी-पेशी हा लिम्फोसाइटांचाच एक प्रकार). नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या काचपट्टीवर लिम्फोसाइट दिसते, पण ती मारक टी-पेशी आहे, मदतनीस आहे की उलट बाकीच्यांना आवरून धरणारी नियामक टी-पेशी आहे, हे त्या रंगावरून कळत नाही. त्यामुळे ‘दाट शिरकाव’ हे वाक्य आश्वासक असले, तरी त्याच्यावर कोणताही हिशेब उभा करता येत नाही.

तुमच्या भावाला सापडलेला आकडा खरा आहे. तो २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासातला असून त्यात पुढच्या टप्प्यातील अंडाशय-कर्करोगाचे १८६ नमुने तपासले होते. त्यांपैकी १०२ नमुन्यांत गाठीच्या आत टी-पेशी सापडल्या आणि पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण ३८ विरुद्ध ४.५ टक्के असे निघाले. या क्षेत्रातील पुढचे पुष्कळसे काम त्या निबंधापासून सुरू झाले. २००५ साली दुसऱ्या एका गटाने दाखवले की केवळ सीडी८ पेशींची संख्या पाहून भागत नाही, नियामक पेशींशी त्यांचे गुणोत्तर काय आहे हेही पाहावे लागते. पुढे अनेक देशांतील संशोधकांनी एकत्र येऊन ५,५०० हून अधिक स्त्रियांच्या गाठी तपासल्या आणि २०१७ साली निष्कर्ष मांडले. त्यात तुमच्या आईच्या प्रकारच्या, म्हणजे हाय-ग्रेड सिरस गाठी ३,१९६ होत्या. सूक्ष्मदर्शकातून खूप मोठे करून पाहिलेल्या एका क्षेत्रात सीडी८ पेशी एकही नसेल तर मध्यक आयुर्मान २.८ वर्षे, एक-दोन असतील तर ३.०, तीन ते एकोणीस असतील तर ३.८ आणि वीस किंवा त्याहून अधिक असतील तर ५.१ वर्षे, असा चढता क्रम त्यांना आढळला.

हे आकडे मी मुद्दाम सविस्तर दिले आहेत, कारण भावाने अर्धे वाचले आहे आणि अर्धवट वाचनाचीच भीती अधिक असते. पहिल्या अभ्यासातील ३८ आणि साडेचार यांच्यामधली दरी मोठ्या अभ्यासात कितीतरी अरुंद झालेली दिसते. लहान अभ्यासातला पहिला आकडा मोठा निघणे आणि मोठ्या अभ्यासात तो खाली बसणे, हे वैद्यकात नेहमी घडते. दुसरे असे की मध्यक म्हणजे निम्म्या स्त्रिया त्याच्या अलीकडे आणि निम्म्या पलीकडे. तुमची आई त्यांपैकी कुठे आहे, हे ३.८ किंवा ५.१ हा आकडा सांगत नाही. तिसरी गोष्ट आईच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची आहे. या बहुतेक अभ्यासांतील ऊती केमो सुरू होण्याआधी काढलेल्या होत्या. आईची गाठ तीन सायकलींनंतर काढली आहे. केमोमुळे कर्करोगाच्या पेशी मरतात, त्यांचे अवशेष उघडे पडतात आणि त्या ठिकाणी लिम्फोसाइटांची वर्दळ अनेकदा वाढते. म्हणून केमोनंतरच्या ऊतीतील दाटीला केमोआधीच्या अभ्यासाची फूटपट्टी लावणे चूक आहे. शेवटची गोष्ट म्हणजे, २००३ च्या अभ्यासातील स्त्रियांना आजची देखभालीची औषधे, म्हणजे केमो संपल्यावर रोग दूर ठेवण्यासाठी देतात ती, मिळालेलीच नव्हती.

तरीही एखादी खूण भविष्याचा थोडाफार अंदाज देत असेल, तर ती तपासून का घेऊ नये, असे भाऊ विचारील. या ठिकाणी पंचगंगेचा विचार करा. बावड्यात राहणाऱ्यांना राजाराम बंधाऱ्याची पातळी काय, हे पावसाळ्यात कोणी शिकवावे लागत नाही. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. या दोन आकड्यांना किंमत आहे, कारण त्या सर्वांनी मान्य केलेल्या ठरलेल्या खुणा आहेत आणि प्रत्येक खुणेला एक कृती जोडलेली आहे: जनावरे कधी हलवायची, घर कधी सोडायचे, कोणता रस्ता बंद होणार. आता अशी कल्पना करा की कोणी तुम्हाला नव्वद हजार रुपये घेऊन पाण्याची घनता, रंग, गाळाचे प्रमाण असे वीस आकडे दिले, त्यांपैकी एकाचीही धोका पातळी ठरलेली नाही आणि आकडा वर गेला काय नि खाली आला काय, तुम्ही घर सोडायचे की नाही हे त्यावरून ठरत नाही. त्या आकड्यांमागचे विज्ञान खोटे नसेल, पण घर सोडण्याच्या निर्णयाला त्यांचा उपयोग नाही. अंडाशयाच्या कर्करोगातील प्रतिकारयंत्रणेच्या बहुतेक खुणा आज या अवस्थेत आहेत. संशोधकांसाठी त्या मोलाच्या आहेत आणि त्यांतूनच उद्याचे उपचार निघतील, अशी मलाही मनापासून आशा आहे. परंतु पहिल्या केमोच्या मध्यावर असलेल्या, ऑपरेशन व्यवस्थित पार पडलेल्या स्त्रीचा उपचार त्यांच्या आधारे बदलत नाही.

खुणांचे दोन प्रकार असतात, हे भावाला नीट समजावून सांगा. एक खूण रोगाची वाटचाल कशी होईल याचा अंदाज देते, मग उपचार कोणताही असो. दुसरी खूण एखादे विशिष्ट औषध कोणाला लागू पडेल हे सांगते. गाठीतील टी-पेशी या पहिल्या प्रकारात पक्क्या बसतात. दुसऱ्या प्रकारात त्या बसाव्यात अशी सगळ्यांची अपेक्षा होती, आणि तिथेच अपेक्षाभंग झाला. पीडी-१ आणि पीडी-एल१ हे टी-पेशींचे ब्रेक आहेत. ते सोडवणारी औषधे त्वचेच्या मेलानोमात आणि फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत आश्चर्य वाटावे इतकी उपयोगी ठरली आणि या शोधासाठी २०१८ चे नोबेल पारितोषिकही दिले गेले. मग अंडाशयाच्या गाठीत टी-पेशी असतील तर तिथेही ब्रेक सोडवून काम होईल, हा विचार रास्त होता. पण रोग उलटलेल्या ३७६ स्त्रियांना पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध एकटे दिले गेले तेव्हा साधारण ८ टक्के स्त्रियांचीच गाठ आकसली. आईसारख्या, प्रथमच उपचार घेणाऱ्या स्त्रियांना केमोच्या जोडीने अशी औषधे देऊन पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. ९९८ स्त्रियांची एक चाचणी अव्हेलुमॅबची होती आणि १,३०१ स्त्रियांची दुसरी अटेझोलिझुमॅबची. दोन्हींत रोग परत येण्याचा काळ लक्षणीयरीत्या लांबला नाही. दुसरीत तर गाठीवर पीडी-एल१ असलेल्या स्त्रियांनाही ठोस फायदा दिसला नाही.

याची कारणे शोधताना पुष्कळ काही हाती लागले आहे. या गाठींत जनुकीय बदलांची एकूण संख्या मेलानोमाच्या मानाने कमी असते, त्यामुळे टी-पेशींना ओळखण्याजोग्या परक्या खुणाही कमी मिळतात. पोटात साठलेल्या पाण्यात प्रतिकार दाबून टाकणारी रसायने आणि पेशी भरलेल्या असतात. आणि मला पॅथॉलॉजिस्ट म्हणून सर्वांत महत्त्वाचे वाटते ते कारण असे की एकाच स्त्रीच्या पोटातील दोन गाठी एकमेकींसारख्या नसतात. अंडाशयावरच्या गाठीत टी-पेशींची दाटी असते आणि यकृताच्या आवरणावरच्या गाठीत एकही नसते, हे मी स्वतः पाहिले आहे आणि संशोधकांनीही २०१७ मध्ये एका रुग्णाच्या निरनिराळ्या गाठींचा बारकाईने अभ्यास करून ते मांडले आहे. पॅनेलसाठी जो एक तुकडा जाईल तो कोणत्या गाठीचा असेल, त्यावर उत्तर बदलेल. नव्वद हजार मोजून मिळणारे उत्तर त्या एका तुकड्यापुरतेच असेल.

चित्र अगदीच स्थिर आहे असेही नाही. प्लॅटिनम गटातील केमो-औषधांना न जुमानता उलटलेल्या रोगात दर आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेल या केमो-औषधाच्या जोडीला पेम्ब्रोलिझुमॅब दिल्याने फायदा झाल्याचे एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाले आणि गाठीवर पीडी-एल१ असलेल्या स्त्रियांचे आयुष्यही काही महिन्यांनी वाढलेले दिसले. म्हणजे पीडी-एल१ ही खूण उद्या आईलाही लागू शकते, पण तिचा रोग परत आला आणि तोही प्लॅटिनमला दाद देईनासा झाला तरच. तशी वेळ आली, तर ती तपासणी तेव्हाच्या ऊतीवर, तेव्हाच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करता येईल. आज ती वेळ नाही आणि न यावी, अशीच माझी प्रार्थना आहे. क्वचित काही स्त्रियांच्या गाठीत डीएनए-दुरुस्तीची एक विशिष्ट यंत्रणा बिघडलेली असते, ज्याला एमएमआर दोष म्हणतात. अशा गाठींना इम्युनोथेरपी खरोखर लागू पडते, पण हा दोष एंडोमेट्रिऑइड प्रकारात जास्त आणि हाय-ग्रेड सिरसमध्ये फार दुर्मीळ असतो. तो पाहायला नव्वद हजारांचे पॅनेल लागत नाही, मोजकी प्रतिपिंडे वापरून काचपट्टी रंगवण्याची साधी तपासणी पुरते.

न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तराच्या त्या वहीबद्दल मला जास्त कळकळीने लिहायचे आहे, कारण तुमच्या भावाची झोप त्या वहीने घेतली आहे. हे गुणोत्तर जास्त असलेल्या स्त्रियांची वाटचाल सरासरीने कठीण असते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे, हे खरे. पण त्या अभ्यासांत ते मुख्यतः उपचार सुरू होण्याआधीच्या रक्तातून काढलेले असते, आणि किती म्हणजे जास्त, यावर एकमत नाही. केमो चालू असताना हा आकडा कर्करोगाखेरीज दहा कारणांनी हलतो. पॅक्लिटॅक्सेलची ॲलर्जी होऊ नये म्हणून आधी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. त्याने काही तासांत न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन दिले असेल तर न्यूट्रोफिल कितीतरी पटींनी वाढतात. लघवीचा साधा संसर्ग, दाढेचा फोड, टाक्यांची सूज, एवढ्यानेही हा आकडा वर जातो. न्यूट्रोफिल ७८ टक्के आणि लिम्फोसाइट १३ टक्के आले की भागाकार ६ येतो आणि स्टिरॉइडच्या दुसऱ्या दिवशी असा अहवाल येणे अगदी स्वाभाविक आहे. मागच्या वेळचे रक्त कोणत्या दिवशी काढले होते, ते एकदा फाइलमध्ये पाहा. भावाला वही ठेवायचीच असेल, तर तिच्यात आईचा ताप, वजन, जेवण, हातापायांचा बधिरपणा आणि एकूण न्यूट्रोफिल पेशींची संख्या लिहू दे. या नोंदी प्रत्येक भेटीत डॉक्टरांच्या उपयोगी पडतील आणि ताप १००.४ च्या वर गेला तर रात्री-अपरात्रीही रुग्णालय गाठायचे, ही कृतीही त्यांना जोडलेली आहे.

सीए-१२५ बद्दलही दोन शब्द लिहिते, कारण उपचार संपल्यावर तुमच्या घरात पुढची वही त्याचीच होईल. ११४० वरून ३१ वर आलेला आकडा, म्हणजे ३५ या नेहमीच्या मर्यादेच्या आत, ही चांगली बातमी आहे आणि तिचा आनंद जरूर माना. पण लक्षणे नसताना केवळ हा आकडा वाढला म्हणून लगेच केमो सुरू करावी का, याची रीतसर चाचणी होऊन २०१० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५२९ स्त्रियांच्या त्या चाचणीत लवकर केमो सुरू केलेल्या आणि लक्षणांची वाट पाहिलेल्या गटांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. लवकर केमो मिळालेल्या स्त्रियांचे बरे वाटण्याचे दिवस मात्र लवकर संपले. आधी कळणे आणि आधी कळून फायदा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या निबंधाने शिकवले. कोणतीही नवी खूण समोर आली की मी तोच प्रश्न विचारते.

गुळवेलीबद्दल काकूंचा हेतू चांगला आहे, पण काढा देऊ नका. गाठीतील टी-पेशींची संख्या आणि आपण बोलीत म्हणतो ती ‘प्रतिकारशक्ती’ यांचा संबंध नाही. एखादा काढा पिऊन लिम्फोसाइट गाठीत शिरत नाहीत. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला आणि तो वाद झाला. पण केमो चालू असताना, यकृताच्या प्रत्येक अहवालावर पुढचा डोस ठरत असताना, वादातली वस्तू आईच्या पोटात जाऊ नये एवढेच माझे म्हणणे आहे. काकूंना वाईट वाटणार नाही अशा रीतीने सांगा, आणि त्यांना आईसाठी नाचणीची आंबील किंवा मूगडाळीची खिचडी करून आणायला सांगा.

आता राहून गेलेल्या तपासणीकडे. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके पेशीतील डीएनए दुरुस्त करण्याचे काम करतात. अंडाशयाचा कर्करोग झालेल्या शंभर स्त्रियांपैकी साधारण पंधराजणींत यांपैकी एक जनुक जन्मतःच बिघडलेले असते. घराण्यात कोणाला कर्करोग नसला तरी ते असू शकते. म्हणूनच या कर्करोगात प्रत्येक स्त्रीची ही तपासणी करावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आणखी काहींच्या फक्त गाठीत असा बिघाड असतो. हाय-ग्रेड सिरस प्रकारात दुरुस्तीची ही यंत्रणा सुमारे निम्म्या गाठींत कोणत्या ना कोणत्या प्रकारे अधू असते. तेच एचआरडी तपासणीत पाहतात. अशा गाठींना ओलापॅरिब, निरापॅरिब ही पार्प-रोधक गटातील औषधे लागू पडतात, कारण दुरुस्तीचा एक मार्ग आधीच बंद असलेल्या पेशीचा दुसरा मार्गही औषधाने बंद होतो. बीआरसीए दोष असलेल्या ३९१ स्त्रियांच्या एका चाचणीचे पहिले निष्कर्ष २०१८ मध्ये आले. तीन वर्षांनंतर रोग न वाढता जिवंत असलेल्या स्त्रिया ओलापॅरिबच्या गटात ६० टक्के होत्या, औषधाविना असलेल्या गटात २७ टक्के. सात वर्षांनंतर जिवंत असलेल्या स्त्रिया अनुक्रमे ६७ आणि ४६.५ टक्के होत्या. इम्यून पॅनेलच्या कोणत्याही आकड्याशी असा उपचार आज जोडलेला नाही. बीआरसीए दोष असलेल्या गाठींत टी-पेशीही अनेकदा जास्त आढळतात. आईच्या अहवालातील ते वाक्य वाचून मला ही तपासणी आधी आठवली, त्याचे हेही एक कारण आहे.

वेळेची मर्यादा अशी की ही औषधे केमो संपल्यानंतर काही आठवड्यांतच सुरू करायची असतात. त्या चाचणीत ती मुदत आठ आठवड्यांची होती. आईच्या दोन सायकली उरल्या आहेत आणि अहवाल यायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. आत्ता रक्त दिले, तर निर्णयाच्या दिवशी अहवाल हातात असेल. रक्ताचा नमुना कोल्हापुरातच देता येतो, त्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने आईला मुंबईला नेण्याची गरज नाही. एचआरडीसाठी मात्र गाठीची ऊती लागते आणि इथे माझ्या कामातली एक सूचना करते. केमोनंतर काढलेल्या गाठीत जिवंत कर्करोग-पेशी कधी कधी तपासणीला पुरत नाहीत. म्हणून केमोच्या आधी निदानासाठी बायोप्सी घेतली होती, तिचे मेणाचे ब्लॉक कुठे आहेत याचा शोध आजच घ्या. ज्या प्रयोगशाळेने निदान केले तिच्याकडे ते जपून ठेवलेले असतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, पावती करून, मिळतात. खर्चाबद्दल, आईचा उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत चालू असेल तर रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून कोणती तपासणी आणि कोणते औषध योजनेत बसते हे विचारा, आणि समाजसेवा विभागालाही भेटा. उचल घेण्याची वेळ आलीच, तर ती या तपासणीसाठी घ्या.

या अहवालाचा तुमच्याशीही संबंध आहे. आईत जन्मजात दोष निघाला, तर तो तुमच्यात आणि भावात असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, बीआरसीए-२ मध्ये सुमारे १७ टक्के असते. स्तनाच्या कर्करोगाची शक्यता याहूनही मोठी असते. पण या दोषासाठी मुले झाल्यानंतर, योग्य वयात अंडाशय आणि गर्भनलिका काढून घेण्याचा मार्ग उपलब्ध आहे, आणि स्तनांची नियमित तपासणी आहे. भावालाही सांगा की हा केवळ बायकांचा विषय नाही. पुरुषांत या दोषामुळे प्रोस्टेटच्या आणि क्वचित स्तनाच्याही कर्करोगाची शक्यता वाढते, आणि दोष त्याच्याकडून त्याच्या मुलींकडे जाऊ शकतो.

आईला काही सांगितलेले नाही, असे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिले आहे. चार सायकली आणि एवढे मोठे ऑपरेशन सोसलेल्या बाईला आपल्याला काय झाले आहे हे कळलेले नसेल, असे मला वाटत नाही. तुम्ही तिच्यासमोर गप्प आहात, म्हणून तीही तुमच्यासमोर गप्प असेल. जनुकांच्या तपासणीसाठी समुपदेशन आणि तिची स्वतःची लेखी संमती लागते, त्यामुळे या तपासणीपुरते तरी तिच्याशी बोलावेच लागेल. किती वर्षे, किती टक्के, हे तिने विचारल्याशिवाय काढू नका. औषध निवडायला एक रक्ततपासणी करायची आहे आणि तिचा उपयोग तुला आहे, आम्हा दोघांनाही आहे, एवढे सांगून तिचे म्हणणे ऐका. मुलांच्या उपयोगाची तपासणी म्हटल्यावर किती आयांनी ताबडतोब हात पुढे केलेला मी पाहिला आहे. भावालाही त्या वेळी शेजारी बसवा. अहवाल आल्यावर जन्मजात दोष आहे की फक्त गाठीतला, आणि एचआरडी आहे की नाही, एवढे मला कळवा. पुढचे पत्र त्यावर लिहू.